‘किती दिवस लागतील?’

गावातली मुलगी पुण्याला हिंजवडीत ‘आयटी’त लागली की नातेवाईक दोनच गोष्टी विचारतात. पगार किती, आणि घरी यायला किती वाजतात? ती फोनवर सारखी ‘पीएम’च्या नावाने का वैतागलेली असते, हे कुणी विचारत नाही. पीएम म्हणजे प्रोजेक्ट मॅनेजर, बरं का!

मी नऊ वर्षं प्रोग्रॅम लिहिले, आता मॅनेजर आहे. म्हणजे सून आणि सासू दोन्ही होऊन झालं. म्हणून सांगते, हे भांडण स्वभावाचं कमी आणि एका साध्या प्रश्नाचं जास्त असतं. ‘किती दिवस लागतील?’

ब्लाऊज शिवणाऱ्या काकूंनी तसले शेकडो ब्लाऊज शिवलेले असतात. त्यामुळे त्यांचं ‘बुधवारी या’ खरं ठरतं. (निदान ठरायला हरकत नसते!) सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक काम थोडं तरी नवं. शिवाय चार वर्षांपूर्वी दुसऱ्याच कुणी लिहिलेल्या प्रोग्रॅमला आपला तुकडा जोडायचा. उसवल्याशिवाय आतल्या गाठी दिसत नाहीत. म्हणून मुलगी म्हणते, ‘साधारण तीन आठवडे.’ हा अंदाज. मॅनेजर तो परदेशातल्या ग्राहकाला तारीख म्हणून कळवतो, की झाला दिलेला शब्द. पुष्कळदा तर तारीख आधीच करारात ठरलेली असते, आणि मुलीला नंतर विचारतात.

माझ्या पहिल्या कंपनीत शेजारच्या खुर्चीवर एक मैत्रीण होती. घरी दोन वर्षांचं बाळ. तिने तीन आठवडे सांगितले, ग्राहकाला दहा दिवस कळवले गेले. रोज संध्याकाळी अमेरिकेचा फोन. न्यूयॉर्कला सकाळचे दहा म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात साडेसात, हिवाळ्यात साडेआठ. नेमकी बाळाला भरवायची वेळ! आठव्या दिवशी मॅनेजरने मदतीला आणखी तिघं दिली. झालं, तिचे दोन दिवस त्यांना शिकवण्यातच गेले.

गंमत म्हणजे हे फार जुनं दुखणं आहे. आयबीएमच्या एका मोठ्या प्रणालीचं काम १९६० च्या दशकात रखडलं होतं. ते सांभाळणाऱ्या फ्रेड ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये पुस्तकच लिहिलं, ‘द मिथिकल मॅन-मंथ’. उशीर झालेल्या कामावर माणसं वाढवली तर उशीर आणखी वाढतो, असं त्यांचं म्हणणं. हिशेब करून बघा. तिघींना एकमेकींशी बोलायचं तर तीन जोड्या होतात, सहाजणींच्या पंधरा! लग्नघरात ऐनवेळी चार पाहुण्या स्वयंपाकघरात शिरल्या की ‘मीठ कुठंय, पातेलं कुठंय’ सांगतानाच आपली भाजी करपते, तसंच.

मॅनेजर काही दुष्ट नसतो हो. त्याच्याही डोक्यावर कुणीतरी बसलेला असतो, काही करारांत उशिराबद्दल दंड असतो. आणि लिहिणारेही कमी नाहीत. ‘नव्वद टक्के झालंय’ असं सोमवारी सांगतात, शुक्रवारीही तेच! त्यातून आपल्या मुली. मोठ्यांना ‘नाही’ म्हणायचं नाही, हे घरातूनच शिकून आलेल्या. जमणार नाही हे माहीत असून ‘बघते सर’ म्हणतात आणि रात्री जागतात. मला हे मॅनेजरच्या ओरडण्यापेक्षा जास्त खटकतं.

मैत्रिणीने नवव्या दिवशी कागदावर कामाचे चार भाग लिहून मीटिंगमध्ये ठेवले. हे दोन दहा दिवसांत होतील, हे दोन नाही. सर भडकले. पण संध्याकाळी त्यांनी तोच कागद ग्राहकापुढे ठेवला, आणि तिकडून उत्तर आलं की चौथा भाग सध्या नको आहे, तिसरा पुढच्या महिन्यात चालेल.

वर्षअखेरीच्या मूल्यमापनात मात्र तिच्या नावापुढे शेरा पडला, ‘सहकार्याची वृत्ती कमी’. तीन महिन्यांत तिने नोकरी बदलली. आता कुणी ‘किती दिवस?’ विचारलं की ती दोन आकडे सांगते. सगळं सुरळीत झालं तर इतके, गाठी निघाल्या तर इतके. आणि दोन्ही लगेच ई-मेलने लेखी पाठवते.