होइस्टला बिनतारी रिमोट : सोय मोठी, पण सुरक्षेला फाटा नको

मुक्ताईनगर, (प्रतिनिधी) – केळीसाठी प्रसिद्ध असलेल्या या परिसरात रात्री-अपरात्री शेतात जाऊन पंप सुरू करण्याची शेतकऱ्यांची कसरत मोबाइल स्टार्टरमुळे बरीच कमी झाली आहे. पुण्याचे अभियंता संतोष ओस्तवाल यांनी विकसित केलेल्या ‘नॅनो गणेश’ या यंत्रणेला २००९ मध्ये नोकियाच्या जागतिक स्पर्धेत पारितोषिकही मिळाले होते. पंप दुरून चालतो, तर मग वर्कशॉपमधील विद्युत होइस्ट का चालू नये, असा प्रश्न साहजिकच पुढे येतो. होइस्टही दुरून चालविता येतो. मात्र पंपाचा रिमोट आणि होइस्टचा रिमोट यांत मूलभूत फरक असून, तो न ओळखल्यास प्रसंग जिवावर बेतू शकतो.

पंप आणि होइस्ट यांतील फरक

पंपाचे बटण एकदा दाबले की माणूस निघून गेला तरी पंप चालूच राहावा, अशी अपेक्षा असते. होइस्टचे नेमके उलट आहे. बटण दाबून धरले आहे तोवरच हूक वर किंवा खाली जावा आणि बोट उचलताच जागीच थांबावा, हा त्याचा पहिला नियम आहे. त्यामुळे पंपासाठी किंवा फाटकासाठी मिळणारा ‘एकदा दाबा, चालू, पुन्हा दाबा, बंद’ या पद्धतीचा स्वस्त रिमोट होइस्टला कदापि जोडू नये.

रिमोटची गरज का?

बहुतेक होइस्टना केबलला लोंबकळणारी बटणपेटी, म्हणजेच पेंडंट असते. केबलची लांबी मर्यादित असल्याने चालकाला ओझ्याच्या जवळच उभे राहावे लागते. साखळी निसटली किंवा ओझे झोल खाऊ लागले, तर त्याला मागे सरकण्यास वाव राहत नाही. रिमोटमुळे त्याला सुरक्षित अंतरावर, ओझे स्पष्ट दिसेल अशा ठिकाणी उभे राहता येते. ओझे नजरेआड असताना मात्र रिमोट वापरणे हे पेंडंटपेक्षाही अधिक धोक्याचे आहे.

जोडणी कशी असते?

होइस्टची मोटार थ्री-फेज असून, ‘वर’ व ‘खाली’ यांसाठी दोन स्वतंत्र कॉन्टॅक्टर असतात. पेंडंटची बटणे मोटारीचा प्रवाह थेट हाताळत नाहीत, तर कमी दाबाच्या नियंत्रण परिपथातून या कॉन्टॅक्टरना आदेश देतात. रिमोटचा रिसीव्हर याच परिपथात बसतो व बटणांचे काम त्यातील रिले करतात. पेंडंट व रिमोट यांपैकी एका वेळी एकच चालू राहील, असा निवड स्विच बसविणे आवश्यक आहे. अन्यथा दोन माणसे एकाच वेळी परस्परविरोधी आदेश देऊ शकतात.

रिसीव्हरमधील ‘स्टॉप’ रिले मुख्य कॉन्टॅक्टरच्या कॉइलशी सिरीजमध्ये जोडावा लागतो. संदेश तुटला, सेल उतरला किंवा लाल बटण दाबले, की मुख्य कॉन्टॅक्टर सुटतो. होइस्टचा ब्रेक सामान्यतः स्प्रिंगने लागतो व विजेने सुटतो. त्यामुळे वीज तुटताच ब्रेक पकड घेतो आणि ओझे अधांतरी राहिले तरी खाली येत नाही.

हूक वर आदळू नये म्हणून असलेला लिमिट स्विच आणि दोन्ही कॉन्टॅक्टर एकाच वेळी लागू न देणारा इंटरलॉक, हे दोन्ही रिमोटच्या आदेशालाही लागू राहिले पाहिजेत. वायरिंग सोपे व्हावे म्हणून ते वगळणे म्हणजे अपघातास आमंत्रण होय.

फेज उलटल्यास?

लाइनच्या दुरुस्तीनंतर फेज उलटले की विहिरीतील मोटार उलटी फिरते, हा अनुभव येथील शेतकऱ्यांना नवा नाही. होइस्टवर त्याचा परिणाम अधिक गंभीर होतो. ‘खाली’ दाबले असता हूक वर जातो आणि वरचा लिमिट स्विच ‘वर’च्याच परिपथात असल्याने तो मोटार थांबवू शकत नाही. अखेरीस दोर तुटण्याची भीती असते. यासाठी फेजचा क्रम तपासणारा रिले, तसेच सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर बसविणे हितावह ठरते.

लहरींचे काय?

केंद्र सरकारने २००५ मध्ये २.४ गिगाहर्ट्झ आणि ८६५ ते ८६७ मेगाहर्ट्झ हे पट्टे अल्प शक्तीच्या उपकरणांसाठी परवानामुक्त केले. उपकरणाला सरकारी मान्यता असल्याची खात्री मात्र खरेदीपूर्वी करून घ्यावी. प्रत्येक रिमोटला स्वतंत्र संकेतांक हवा. अन्यथा शेजारच्या रिमोटने आपला होइस्ट हलू शकतो. लोखंडी पेटीत लहरी अडत असल्याने रिसीव्हरचा अँटेना पेटीबाहेर काढावा.

वापरापूर्वीच्या चाचण्या

जोडणी जाणकार, परवानाधारक इलेक्ट्रिशियनकडूनच आणि मुख्य स्विच बंद करूनच करून घ्यावी. त्यानंतर रिकाम्या हुकावर पुढील चाचण्या घ्याव्यात :

१. बटण दाबून धरले असताना रिमोटचा सेल काढावा. होइस्ट तत्काळ थांबला पाहिजे.
२. बटण दाबून धरूनच दूर जावे. संदेशाची कक्षा संपताच हालचाल बंद झाली पाहिजे आणि बटण सोडून पुन्हा दाबल्याखेरीज ती सुरू होऊ नये.
३. ‘वर’ व ‘खाली’ ही बटणे एकदम दाबावीत. हूक हलता कामा नये.
४. हूक सावकाश वर नेऊन लिमिट स्विच काम करतो का, हे पाहावे.

उचलयंत्रांची बारा महिन्यांतून किमान एकदा सक्षम व्यक्तीकडून कसून तपासणी करण्याचे बंधन १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातले होते. छोट्या वर्कशॉपनेही ही शिस्त पाळावी. दोर, हूक व ब्रेक झिजलेले असतील, तर आधी त्यांची दुरुस्ती करावी. रिमोटचा विचार त्यानंतर. होइस्टने माणसांची ने-आण करू नये आणि टांगलेल्या ओझ्याखाली कोणी उभे राहू नये, हे नियम रिमोट आला म्हणून शिथिल होत नाहीत.