सागरतळीचा धागा
एरंडोलला अंजनीकाठी बसून पोर्ट ब्लेअरच्या आप्ताशी बोलताना पूर्वी उपग्रहमार्गे जाणारा प्रत्येक शब्द सुमारे ३६,००० किलोमीटर उंची गाठून परतत असे, आणि त्यामुळे प्रश्न व उत्तर यांमध्ये सुमारे अर्ध्या सेकंदाचे मौन पडे. १० ऑगस्ट २०२० रोजी चेन्नईहून अंदमान-निकोबारकडे नेलेली सुमारे २,३०० किलोमीटरची सागरी केबल कार्यान्वित झाली, आणि केसासारख्या बारीक काचतंतूंतून प्रकाशरूपाने मजकूर धावू लागला. वाटेत हा प्रकाश क्षीण होतो, म्हणून ठरावीक अंतरावर त्याला बळ देणारी यंत्रे समुद्रतळाशी ठेवावी लागतात. २०११च्या खानेसुमारीत जेमतेम पावणेचार लाखांच्या घरात असलेल्या वस्तीकडून एवढा खर्च वसूल होणे अशक्य, तेव्हा तो सरकारी निधीतून झाला, हे माझ्या मते सर्वथा रास्त होय. कारण तिथल्या दुकानदाराला चेन्नईच्या व्यापाऱ्याशी बरोबरीने भाव ठरवायचा, तर खबरही बरोबरीनेच पोहोचली पाहिजे.