द्यूतसभा दिवाणखान्यात

प्रकाश झा यांचा 'राजनीती' ४ जून २०१० रोजी प्रदर्शित झाला, तेव्हा प्रेक्षागृहात बसल्या बसल्याच लोक जोड्या लावत होते. पक्षाघाताने अंथरुणाला खिळलेला भानुप्रताप म्हणजे धृतराष्ट्र. पक्षाची सूत्रं हाती आलेला धाकटा भाऊ चंद्रप्रताप म्हणजे पंडू. सत्ता आपल्या हक्काची होती आणि ती काकाकडे गेली, या सलाने पेटलेला वीरेंद्र म्हणजे दुर्योधन. मनोज बाजपेयींनी तो जळका मत्सर असा काही उभा केला आहे की बऱ्याचदा आपली सहानुभूती नको तिकडे झुकते. लग्नाआधी झालेलं आणि नावेत घालून पाण्यात सोडलेलं मूल म्हणजे सूरज, अर्थात कर्ण. त्याचा जन्मदाता, नसीरुद्दीन शाहांचा डावा नेता, त्याचं नावच भास्कर.

द्रौपदीही ओळखू येते: कतरिना कैफची इंदू. पण द्यूत कुठे आहे? बहुतेकांचं उत्तर असं, की झा आणि सहलेखक अंजुम राजाबली यांनी तो प्रसंग गाळला. मला हे पटत नाही. द्यूत या चित्रपटात आहे. फक्त ते भर सभेतून उठून एका श्रीमंत घराच्या दिवाणखान्यात गेलं आहे.

प्रसंग आठवून पाहा. वडिलांचा खून झालेला, मूळ पक्षाने बाहेर काढलेलं, म्हणून चंद्रप्रतापचे मुलगे पृथ्वी आणि समर जनशक्ती नावाचा नवा पक्ष काढतात. निवडणूक तोंडावर आहे आणि तिजोरी रिकामी. पैसा आहे इंदूच्या उद्योगपती वडिलांकडे, आणि इंदूचा जीव लहानपणापासून समरवर. वडील पैसा द्यायला तयार होतात, पण मुलगी द्यायची ती होणाऱ्या मुख्यमंत्र्याला. तो पृथ्वी. समर हे मान्य करतो. ज्या माणसासाठी आपण थांबलो त्यानेच आपल्याला पणाला लावलं, हे इंदूला कळतं तेव्हा डाव संपलेला असतो.

महाभारताच्या सभापर्वात पण हरल्यानंतर द्रौपदी प्रश्न विचारते: युधिष्ठिर आधी स्वतःला हरला की मला? जो स्वतःच दास झाला, त्याला दुसऱ्याला पणाला लावण्याचा अधिकार उरतो का? भीष्मांनाही उत्तर देता येत नाही. धर्माची गती सूक्ष्म आहे, एवढंच ते म्हणतात. कौरवांपैकी एकटा विकर्ण तिच्या बाजूने बोलतो. इरावती कर्वे यांनी 'युगान्त'मध्ये या प्रश्नाची कठोर चिकित्सा केली. कायद्याचा असा पेच घालणं ही द्रौपदीची चूकच होती, असं त्यांचं मत. त्यांच्याशी वाद घालत मराठी वाचकांच्या पिढ्या वाढल्या. पण प्रश्न चूक असो वा बरोबर, तो भर सभेत विचारला गेला, सगळ्यांना ऐकावा लागला. इंदूला सभाच मिळत नाही. सौदा खासगीत होतो. तिथे भीष्म नाही, विकर्णही नाही. आजच्या घराण्यांच्या राजकारणाबद्दल हा चित्रपट सांगतो त्यातली सर्वांत खरी गोष्ट मला हीच वाटते. दुर्दैव असं, की पटकथा तिथे पुरेशी थांबत नाही. एकेक खून आणि त्याचा सूड तिला पुढे ओढत नेतो.

ही ओढ दुसऱ्या एका घराण्याकडून आली आहे. समर हा अर्धा अर्जुन आणि अर्धा 'द गॉडफादर'मधला मायकेल कॉर्लिऑन. परदेशात व्हिक्टोरियन कवितेवर संशोधन करणारा, घरच्या धंद्यापासून लांब असलेला धाकटा मुलगा बापाच्या हत्येनंतर सर्वांत थंड डोक्याचा मारेकरी होतो. ही वाट कॉपोलाच्या १९७२ च्या चित्रपटाची आहे. रणबीर कपूरने ती संयमाने चालून दाखवली. मात्र त्यामुळे अर्जुनाचा विषाद पार मागे पडला. तो येतो तो अगदी शेवटी, समोर सूरज असताना समरचा हात अडखळतो त्या क्षणापुरता. आणि त्याला पुढे ढकलायला असतात बृजगोपाल मामा.

हे पात्र म्हणजे पटकथेतली सर्वांत बुद्धिमान रचना. नाव कृष्णाचं, नातं शकुनीचं. महाभारतात एक सल्लागार इकडे आणि एक तिकडे, म्हणून वाचकाला धर्म कुणाच्या बाजूला हे ठरवता येतं. इथे दोघे एकाच माणसात राहतात. नाना पाटेकर एरवी आवाजाने पडदा भरून टाकणारे नट. इथे ते हळू, जवळजवळ प्रेमाने बोलतात. भाच्यांवर माया करणारा हा माणूस त्याच मायेने माणसं संपवायला सांगतो. बहिणीचं मूल पाण्यात सोडणारे हातही त्याचेच होते, हे लक्षात घेतलं की शेवटचा प्रसंग अंगावर येतो. ज्याला तेव्हा नावेत ठेवलं, त्यालाच आता मारायला सांगायचं.

सूरजबद्दल मात्र माझी तक्रार आहे. अजय देवगणचा सूरज दलित वस्तीतला कबड्डीपटू; आमच्या वस्तीला आमचाच उमेदवार हवा, म्हणून तो पक्षाच्या बैठकीत उभा राहतो. ही मागणी आजच्या लोकशाहीतली सर्वांत जिवंत मागणी आहे. पुढे जन्माचं रहस्य उलगडतं आणि हा लढा पुन्हा मोठ्या घरातल्या हरवलेल्या मुलाची कथा होऊन बसतो. शिवाजी सावंतांच्या १९६७ च्या 'मृत्युंजय'मुळे मराठी वाचकाच्या मनात कर्णाला खास जागा आहे, म्हणून ही संधी हुकल्याचं जास्त लागतं. त्याची जन्मदात्री भारती सत्य सांगायला येते तेव्हा सूरज वीरेंद्रची साथ सोडत नाही. तेवढ्यापुरता खरा राधेय दिसतो.

तुलनेला श्याम बेनेगल यांचा 'कलयुग' (१९८१) घ्यावाच लागतो. तिथे कुरुक्षेत्र दोन उद्योगसमूहांचं, परवाना-राजच्या दिवसांतलं. गिरीश कर्नाडांसारखा नाटककार लेखनात, विजया मेहता कुंतीच्या जागी, शशी कपूर कर्ण. मोटारीचं चाक बदलताना त्या कर्णाला मरण गाठतं. रुतलेल्या रथचक्राचा इतका साधा आणि इतका भयंकर अनुवाद दुसऱ्या कुणाला जमलेला नाही. बेनेगल शोकाला वेळ देतात. झा गर्दीला देतात, आणि गर्दी त्यांना फार चांगली कळते. भोपाळमध्ये चित्रित केलेल्या त्या सभा, ते ताफे, तिकीटवाटपाच्या बैठका खोट्या वाटत नाहीत. पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये १९७३ साली शिकायला आलेल्या या दिग्दर्शकाने पुढे बिहारमधून २००४ आणि २००९ अशा दोन लोकसभा निवडणुका स्वतः लढवल्या आणि हरल्या होत्या. प्रचाराची धूळ त्याने अंगावर घेतलेली होती.

महाराष्ट्राला घराणं आणि सत्ता यांचं हे नातं समजावून सांगावं लागत नाही. शिवसेनेतून बाहेर पडलेल्या पुतण्याने २००६ मध्ये नवा पक्ष काढला, २०१९ मध्ये परळीत चुलत भावंडं समोरासमोर आली, २०२४ मध्ये बारामतीत नणंद-भावजय लढल्या. यात पडद्यावरचा रक्तपात नाही, आणि तो फरक मोठा आहे. पण वारसा रक्ताचा की कामाचा, हा भानुप्रतापाच्या घरातला प्रश्न आपल्या ओळखीचा आहे.

स्फोटात पृथ्वी मारला जातो आणि प्रचाराच्या मंचावर पांढऱ्या साडीत इंदू उभी राहते. तिचा पेहराव सोनिया गांधींसारखा असल्याची चर्चा प्रदर्शनाआधीच रंगली होती. झा यांनी ते नाकारलं. त्या चर्चेत मूळ गोष्ट झाकली गेली. सहानुभूतीची लाट ही आपल्याकडची खरीखुरी शक्ती आहे. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतर काँग्रेसला चारशेहून अधिक जागा मिळाल्या, आणि तमिळनाडूत एम. जी. रामचंद्रन यांच्या निधनानंतर १९८८ मध्ये त्यांच्या पत्नी जानकी काही दिवस मुख्यमंत्री झाल्या. इंदूला खुर्ची मिळते ती याच वाटेने. व्यासांनी युद्धानंतर स्त्रीपर्व लिहिलं, गांधारीला रणांगणावर नेऊन कृष्णाला जाब विचारायला लावलं. राज्य नको म्हणणाऱ्या युधिष्ठिराची समजूत काढायला अख्खं शांतिपर्व खर्ची घातलं. 'राजनीती'त निकाल लागतो, समर परत अमेरिकेला जायला निघतो. तो निघण्यापूर्वी इंदूने त्याला एकदा समोर बसवून विचारायला हवं होतं, की मला पणाला लावण्याचा अधिकार तुला कुणी दिला. मुख्यमंत्री झाल्यावर तिच्याजवळ सभा होती. पटकथेने तिला तो प्रसंग दिला नाही.