कुंपण विषयाला, मताला नव्हे

भाषणस्वातंत्र्याचा संकोच करू पाहणारा अधिकारी 'तुमचे मत आम्हांस नको' असे सहसा म्हणत नाही. 'हा विषयच येथे नको' असे सौम्यपणे सांगणे त्याला अधिक सोयीचे जाते. या दोन नकारांतील भेद नागरिकांनी ओळखला पाहिजे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे तीन निकाल त्या कामी उद्बोधक आहेत.

शिकागो शहराने शाळेपासून दीडशे फुटांच्या आत निदर्शनांना बंदी केली होती. त्या शाळेतील कामगार-तंट्यासंबंधीच्या शांततामय निदर्शनांना मात्र सूट होती. शाळेत कृष्णवर्णीयांबाबत भेदभाव होतो, असा फलक घेऊन एक गृहस्थ बाहेर शांतपणे, बहुधा एकटेच, फेऱ्या घालीत. १९७२ मध्ये न्यायालयाने हा नियम रद्द ठरविला. रस्ता सर्वांचा आहे. तेथे कोणते गाऱ्हाणे मांडावे, हे सरकारने ठरवावयाचे नसते.

परंतु प्रत्येक सरकारी जागा म्हणजे रस्ता नव्हे. ओहायो राज्यातील शेकर हाइट्स शहर आपल्या सार्वजनिक वाहनांत व्यापारी जाहिराती घेई, राजकीय जाहिराती मात्र कोणाच्याच घेत नसे. तेथील एका उमेदवाराचा दावा १९७४ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळला गेला. दार सर्वच उमेदवारांना बंद होते.

तिसरा खटला न्यूयॉर्क राज्यातील एका शाळेचा. शाळा सुटल्यावर तिच्या खोल्या सामाजिक कार्यांसाठी मिळत. कुटुंब आणि मुलांचे संगोपन यांवरील चित्रपटमाला दाखविण्यासाठी एका चर्चने जागा मागितली; 'हे धार्मिक आहे' म्हणून ती नाकारली गेली. १९९३ मध्ये नऊही न्यायाधीशांनी हा नकार अवैध ठरविला. संगोपनावर इतरांना बोलता येत असेल, तर धार्मिक दृष्टीने बोलणाऱ्यालाच मज्जाव कशासाठी?

खरी मेख येथेच आहे. नको असलेल्या मताला 'विषय' असे नाव दिले की पक्षपात नियमाचा वेष धारण करतो. शिवाय ज्या प्रश्नावर सत्तेला मौनच हितावह असते, तो प्रश्न सर्वांना वर्ज्य केला तरी तोंड बंद होते ते टीकाकाराचेच. म्हणून विषयबंदी दिसावयास निःपक्षपाती असली, तरी तेवढ्यावरून ती निर्दोष ठरत नाही.

आपल्या राज्यघटनेची चौकट निराळी आहे. कलम १९ मध्ये स्वातंत्र्याबरोबरच वाजवी निर्बंधांची कारणेही नमूद आहेत. तथापि सभागृहाची किल्ली ज्याच्या हाती असते, त्याला विचारावयाचा प्रश्न येथेही तोच आहे: याच विषयावर याच्या उलट बोलणाऱ्याला आपण परवानगी दिली असती काय? उत्तर 'होय' असेल, तर तो नियम नव्हे, पक्षपात आहे. आपल्याला अप्रिय असलेल्या वक्त्याला जागा नाकारली जाते तेव्हाही हा प्रश्न विचारण्याचे धैर्य सुशिक्षितांनी दाखविले पाहिजे.