हरवलेल्या कडा

ॲमस्टरडॅम शहरातील राइक्स म्यूझियम ह्या संग्रहालयात रेम्ब्रांट ह्या थोर डच चित्रकाराचे ‘नाइट वॉच’, म्हणजे ‘रात्रीचा पहारा’, हे भव्य चित्र आहे. नगररक्षकांची एक तुकडी आपल्या कप्तानासह बाहेर पडत आहे, असा देखावा त्यात रंगविलेला आहे. हे चित्र १६४२ साली पूर्ण झाले. पुढे १७१५ साली ते नगरभवनात हलविण्यात आले; परंतु तेथील दोन दरवाजांमधील भिंतीवर ते मावेना. तेव्हा त्याच्या चारही कडा चक्क कापून टाकण्यात आल्या! डावीकडची पट्टी सर्वांत रुंद, सुमारे ६० सेंटिमीटरांची होती. तिच्यावर दोन पुरुष व एक मुलगा ह्यांच्या आकृती होत्या. त्या पट्ट्यांचा अद्याप पत्ता लागलेला नाही.

अशा खंडित चित्राला त्याचे पूर्ण रूप कसे द्यावे? पूर्वी कुशल कारागीर पुष्कळदा मूळ चित्रावरच नवा रंग भरीत. परंतु त्यामुळे जुना रंग कोणता आणि नवा कोणता, हे पुढे ओळखणे कठीण होई. आता हे काम संगणकाच्या साहाय्याने चित्राच्या छायाचित्रावर करता येते. मूळ चित्राला हातही लावावा लागत नाही.

संगणकाच्या दृष्टीने छायाचित्र म्हणजे लक्षावधी बारीक ठिपक्यांचा समूह होय. प्रत्येक ठिपक्याचा रंग तो अंकांनी ओळखतो. चित्राला भेग पडली असेल, तर तेथील ठिपके प्रथम ‘हरवलेले’ म्हणून नोंदविले जातात. मग संगणक त्यांच्या भोवतालचे ठिपके तपासतो. भाल्याची रेघ भेगेच्या एका काठाशी थांबून दुसऱ्या काठापासून पुढे जात असेल, तर तो ती रेघ मधून जोडतो आणि काठावरचे रंग हळूहळू आत नेतो. वस्त्राला रफू करणारा कारागीर भोवतालच्या धाग्यांची दिशा पाहून भोक विणून काढतो, तसेच हे आहे.

पण जेथे सबंध माणसेच नाहीशी झाली, तेथे नुसते रफू कसे पुरणार? सुदैवाने गेरिट लुंडेन्स नावाच्या चित्रकाराने, कडा कापल्या जाण्यापूर्वी, ह्या चित्राची एक लहान नक्कल केली होती. तिच्यात आकृतींच्या जागा किंचित सरकलेल्या होत्या आणि रंगांची धाटणीही निराळी होती. शास्त्रज्ञांनी संगणकाला नक्कल व मूळ चित्र ह्यांची तुलना करण्यास शिकविले. त्यातून त्याने रेम्ब्रांटची रंगपद्धती आत्मसात केली आणि हरवलेल्या पट्ट्या त्या पद्धतीने तयार केल्या.

२०२१ साली ह्या पट्ट्या छापून, मूळ चित्राला स्पर्श न करता, त्याच्या भोवती बसविण्यात आल्या. तेव्हा प्रेक्षकांना दिसले, की कप्तान चित्राच्या अगदी मध्यभागी नसून थोडा उजवीकडे आहे. त्याच्यापुढे डावीकडे मोकळी जागा आहे. त्यामुळे सारी तुकडी खरोखरच पुढे चाल करीत आहे, असे वाटू लागले.

सुमारे तीन महिन्यांनी त्या पट्ट्या काढून घेण्यात आल्या. त्या कितीही हुबेहूब असल्या, तरी रेम्ब्रांटच्या हातच्या नव्हत्या. तो पुराव्यांवरून बांधलेला तर्क होता. तर्काने जुन्या चित्राचे रूप समजण्यास मोठी मदत होते. परंतु त्याला तर्क म्हणूनच ओळखणे, हाही मूळ कलावंताचा मान राखण्याचाच एक भाग आहे.