जनवरी वन

मंगळवारी सकाळी मुलीची स्कूलबस गेली की स्वयंपाकघरातल्या टेबलावरचे डबे बाजूला सारायचे आणि हेडफोन, वही, चहा घेऊन बसायचं. हेच माझं ऑफिस. ओहायोतल्या कोलंबस शहरात निर्वासितांना मदत करणाऱ्या एका संस्थेचं काम मी २०२२ साली घरून करू लागले. बिनपगारी, कारण माझ्या एच-४ व्हिसावर पगाराची नोकरी करता येत नव्हती. निर्वासितांची मदत म्हटलं की काहीतरी मोठं वाटतं. माझं बरंचसं काम म्हणजे फोन कानाला लावून ताटकळणं.

माझ्या वाट्याला भूतानमधून आलेले नेपाळीभाषक म्हातारे आले. त्यांना हिंदी बऱ्यापैकी कळतं आणि मला ती येते. त्यांतले एक बाजे, म्हणजे आजोबा. ते मला ‘नानी’ म्हणतात. पहिल्या दिवशी मी मनातून जरा दुखावलेच. मग कळलं, नेपाळीत नानी म्हणजे पोर.

बाजेंच्या फूड स्टॅम्पची, म्हणजे किराण्यासाठी मिळणाऱ्या सरकारी मदतीची, मुदत संपत आली होती. आधी बाजेंना फोन लावायचा, मग कचेरीला, मग दोन्ही जोडायचे. एक दाबा, तीन दाबा, आणि पुढे तेच ते संगीत. त्रेपन्न मिनिटांनी एक बाई आल्या. बाजेंच्या वतीनं मी बोलायचं तर परवानगी त्यांनीच द्यायला हवी, आणि त्याआधी नाव आणि जन्मतारीखही त्यांच्याच तोंडून यायला हवी. नाव आलं. जन्मतारखेला बाजे म्हणाले, “भदौ.” भदौ म्हणजे आपला भाद्रपद. त्यांची आई सांगायची, त्या दिवशी मुसळधार पाऊस होता. मी घाईनं कुजबुजले, “जनवरी वन म्हणा.” बाईंनी ते ऐकलं. दुसऱ्यानं सांगितलेलं उत्तर चालत नाही, म्हणाल्या, आणि फोन बंद. चूक माझीच होती.

जन्माची नोंद नसलेल्या निर्वासितांच्या कागदांवर बऱ्याचदा वर्ष अंदाजानं आणि तारीख १ जानेवारी लिहिलेली असते. एकेका घरात नवरा, बायको आणि सासू, सगळ्यांचा वाढदिवस एकाच दिवशी. मला याचं नवल वाटायला नको होतं. माझ्या आजोबांचा वाढदिवस १ जून, सासऱ्यांचाही १ जूनच. शाळेत नाव घालताना मास्तरांनी ठोकून दिलेला. पण त्या १ जूनवरून आजोबांचं रेशन कधी अडलं नाही.

मग आठवडाभर आमची तालीम चालली. “जनवरी वन, नाइन्टीन फॉर्टी एट.” मध्येच माझ्या कुकरची शिट्टी व्हायची आणि बाजे विचारायचे, “दाल?” कचेरीत समोरासमोर बसलो असतो तर आमची एवढी ओळख झाली नसती, असं मला वाटतं.

दुसऱ्या खेपेला संगीत चालू असताना ते आपणहून बोलू लागले. १९८८च्या जनगणनेत दक्षिण भूतानमधल्या नेपाळीभाषकांकडे १९५८ सालच्या शेतसाऱ्याची पावती मागितली गेली. १९५८चीच, मागची-पुढची नाही. बाजेंच्या वडिलांनी ती जपून ठेवली होती. तरीही दोन-तीन वर्षांत घर, जमीन, सुपारीची झाडं, सगळं सोडून निघावं लागलं. मग नेपाळच्या झापा जिल्ह्यातल्या छावणीत जवळजवळ वीस वर्षं. २००७नंतर अशा छावण्यांतून एक लाखाहून जास्त माणसं दुसऱ्या देशांत गेली, बहुतेक अमेरिकेत. बाजे त्यांतलेच.

पावतीवर मोहोर कुठे आहे, सही कुठे आहे, हे ते सांगत होते तेवढ्यात संगीत तुटलं. “हॅलो” ऐकू येताच कुणी काही विचारायच्या आत बाजेंनी तारीख एका दमात सांगून टाकली. पलीकडचा माणूस हसला. पुढचं काम बारा मिनिटांत झालं.

पावती अजून त्यांच्या कपाटात प्लॅस्टिकच्या पिशवीत आहे. कोलंबसमध्ये ती कुणीच मागितलेली नाही.