दूरच्या संगणकाचे दार

मंडळी, गावी बसून मुंबईच्या संगणकावर काम करता येते, तिथल्या फायली आणता येतात. पण त्यासाठी तिकडे एक दार सतत उघडे ठेवावे लागते. टेलनेट हे १९६९ सालचे जुने दार. फायलींसाठी एफटीपीची रीत कानपूरच्या आयआयटीत शिकलेल्या अभय भूषण यांनी १९७१ साली लिहून काढली. दोहोंत परवलीचा शब्द पोस्टकार्डावरच्या मजकुरासारखा उघडा जातो, बरे का! हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठात असे शब्द वाटेतच चोरले गेले, तेव्हा १९९५ साली तातू इलोनेन यांनी एसएसएच रचले. त्यात काम नि फायली, दोन्ही बंद पाकिटातून जातात. तेव्हा गुरुजी, शाळेच्या संगणकाची २१ आणि २३ क्रमांकांची दारे आधी लावून घ्या. गरज असेल तर २२ क्रमांकाचे तेवढे ठेवा, आणि त्याची किल्ली सांभाळा.